पदर डोक्यावर येईपर्यंत

बा देवा रवळनाथा, म्हाराजा, आज मी एकटीच आले आहे. गाऱ्हाणं गावकरांनी घालावं, मानकऱ्यांनी मागे उभं राहावं आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणावं, ही या देवळाची रीत मला ठाऊक आहे. माझ्या मागे कुणी नाही. दुपारचे तीन वाजलेत. मंडपाला केळी बांधून माणसं जेवायला गेली आहेत. तुझ्यापुढे मी आहे, एक नारळ आहे आणि माझा फोन आहे. तो मी तुझ्या पायरीवर ठेवला आहे. वाडीतला रिक्षावाला नव्या रिक्षाची चावी इथेच ठेवून गेला होता. ही माझी चावी समज.

मागायचं ते आधीच मागून टाकते, म्हणजे पुढे जीभ अडखळायला नको. देवा, माझ्या चॅनेलला प्रेक्षक दे. पुष्कळ दे. लोक तुझ्याकडे लग्न मागतात, नोकरी मागतात, काजूला मोहोर मागतात, कोर्टातल्या निकालाचंसुद्धा तुला सांगतात. मी दशावतार पाहणारी माणसं मागते. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. तुझ्याच मंडपात रात्रभर चालणारा खेळ आहे. तो पाहायला माणूस नसेल तर तुझी जत्रा तरी पुरी कशी होईल?

पहिलं नाटक टिपण्याआधी मी तुला विचारलं होतं. गुरवकाकांनी कौल लावला आणि तू उजवा दिलास. त्या दिवशी मी फक्त एवढंच विचारलं की कॅमेरा लावू का. लावल्यावर कोण पाहणार, हे विचारायचं सुचलं नाही. आता ते विचारायला आले आहे.

माझ्या बाबांना तू ओळखतोस. एकोणिसाव्या वर्षापासून ते कंपनीत स्त्रीपार्ट करतात. आज सत्तावन्न वर्षांचे आहेत. पावसात चिखलणी करणारे त्यांचे हात मार्गशीर्षात हिरवा चुडा भरून पदर सावरतात आणि मंडपातल्या बायका त्या हातांकडे पाहून आपले पदर नीट करतात. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. समर्थांनी दासबोधात दशावतारी खेळातल्या स्त्रीवेषाचा दाखला दिला आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही पुरुष लुगडं नेसून उभा राहत होता आणि लोक त्याला बाई मानून पाहत होते. बाबांना हे कुठल्या तरी मास्तरांनी सांगितलं, तेव्हापासून तोंडाला रंग लावण्याआधी ते समर्थांनाही हात जोडतात.

आणि देवा, या खेळाचं एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? संध्याकाळी मालक सांगतात, आज हरिश्चंद्र, तू राजा, तू विश्वामित्र, तू तारामती. तेवढ्यावर माणसं उठून तोंड रंगवायला बसतात. संवाद तिथल्या तिथे जन्मतात. पायपेटी स्वर देते, पखवाज उत्तर देतो, झांज मध्ये बोलते, आणि पहाटे दहीकाला झाला की सगळं हवेत विरून जातं. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालत जायचे, म्हणून 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण आली. आता टेम्पो आहे. बोजा हलका झाला. बोललेले शब्द मात्र अजून तसेच जातात. दशावतारी नट बाबी नालंगांचं नाव निघालं की बाबा कानाच्या पाळीला हात लावतात, पण ते कसे बोलायचे हे मला सांगताना त्यांना शब्द सापडत नाहीत. हातवारे करतात आणि गप्प बसतात. 2022 साली सुधीर कलिंगण गेले. त्यांची नाटकं आज कुणीही फोनवर लावतो, कारण कुणी तरी ती टिपून ठेवली होती. ज्याने टिपली त्याचं तू भलं कर. मी त्याच वाटेने चालले आहे.

सुरुवातीला मला काहीच येत नव्हतं. कुडाळला एका दुकानात मी टायपिंग करते, तिथल्या पगारातून फोन आणि ट्रायपॉड घेतला. पहिल्या रात्री कॅमेरा अगदी समोर ठेवला. पखवाज एवढा वाजला की बाबांचा आवाज त्याच्याखाली गाडला गेला, आणि हॅलोजनच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पिठासारखे पांढरे दिसले. हळूहळू शिकले. फोनमधला उजेड हाताने उतरवायचा. आवाजाचं छोटं यंत्र पेटीमास्तरांच्या पायाशी कापडात गुंडाळून ठेवायचं. संकासूर काळ्या वेषात येतो तेव्हा मागचा पडदा उजळ हवा. मालकांनी आधी नाही म्हटलं होतं. "मोबायलार बघतले तर देवळात कोण येतलो?" असं म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना पंधरा माणसांच्या रात्रीचा पगार द्यायचा असतो. मी त्यांना सांगितलं, जो देवळात येऊ शकतो त्याच्यासाठी मी टिपत नाही, जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी टिपते. पैसे सुटले तर पंधरा जणांत वाटायचे, पेटीमास्तर आणि पखवाजीसुद्धा त्यात, हे तुझ्यासमोर नारळ ठेवून ठरलं. त्या शब्दाला तू साक्षी आहेस.

आमच्या वाडीत रेंज नावापुरती आहे. साडेतीन तासांचं नाटक पाठवायचं तर सड्यावर जावं लागतं. कातळावर एक आंब्याचं खुरटं झाड आहे, तिथे दोन काड्या येतात. फोन पिशवीत घालून फांदीला टांगायचा आणि बाजूला बसायचं. एक नाटक चढायला कधी पाच तास लागतात, कधी मध्येच तुटतं. आई भाकरी बांधून देते. त्या सड्यावर बसून मी तुझ्याशी पुष्कळ बोलले आहे, तेव्हा हे तुला नवीन नाही. पण तिथे नुसती बडबड होती. आज मागणं आहे, आणि मागणं नीट सांगावं लागतं.

जाहिरातीचे पैसे मिळायला यूट्यूबची अट अशी आहे, म्हाराजा. 1,000 सबस्क्रायबर हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी मिळून 4,000 तास पाहिलेलं हवं. मग अर्ज करता येतो, मग जाहिराती लागतात, आणि नाटकावर लागलेल्या जाहिरातीच्या पैशातला 55 टक्के भाग आपल्याकडे येतो. मी हिशेब मांडला. साडेतीन तासांचं एक नाटक 1,143 माणसांनी पहिल्या नमनापासून दहीकाल्यापर्यंत पाहिलं, की चार हजार तास भरले. एवढी माणसं तर तुझ्या जत्रेला दर्शनाच्या रांगेत असतात. एका रात्रीचं काम! पण तसं होत नाही. माझी बारा नाटकं आहेत. प्रत्येकाला दीड-दोन हजार जण येतात आणि सरासरी नऊ मिनिटं थांबतात. बारा नाटकांचे मिळून तीन हजार तासांच्या थोडे वर झाले आहेत. त्यातही एक गळती आहे. बारा महिन्यांपूर्वीचे तास रोज खालून निघून जातात. आमचा हंगाम त्रिपुरी पौर्णिमेला सुरू होतो आणि मृगाआधी संपतो. पावसाळ्यात नवं काही नाही, म्हणजे नवी जत्रा येईपर्यंत जुन्या जत्रेचे तास गळून जातात. गळकी कळशी घेऊन विहिरीवर गेल्यासारखं होतं. या वर्षी मी पावसासाठी चार नाटकं राखून ठेवली आणि आषाढात एकेक करून सोडली. बाहेर जायला मिळत नाही तेव्हा माणसं जास्त वेळ पाहतात, हे कळलं. तेवढी अक्कल तूच दिलीस.

त्या नऊ मिनिटांनी मला फार रडवलं आहे. लोक नाटक कुठे सोडून गेले, याचा एक आलेख दिसतो. डावीकडे सगळे असतात आणि मग रेघ उतरत जाते. आमची रेघ पहिल्याच अर्ध्या तासात घसरायची. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासूर, आणि तिकडे माणसं भराभर निघून जातात. मला वाटलं, सुरुवातीचा हा आडदशावतार कापून थेट आख्यानापासून लावावं. यूट्यूब शिकवणारे सगळे हेच सांगतात, पहिल्या तीस सेकंदांत माणूस धरा. बाबांना विचारलं. ते पानाला चुना लावत होते. म्हणाले, "गणपती कापून नाटक उभां कसां रवात गो बाय?" पुढे काही बोलले नाहीत.

मग एका जत्रेत मी कॅमेरा लावून मागे खांबाला टेकून बसले आणि नाटकाऐवजी माणसं पाहिली. गणपतीच्या वेळी मंडप भरलेला होता, पण अर्धे उठून खाज्याच्या दुकानाकडे गेले. संकासूर आला तशी पोरं परत धावत आली. युद्धाच्या ताशावर बाप्ये जागे झाले. दोन वाजता बायका चटईवर पोरांना कुशीत घेऊन झोपल्या. चार वाजता मंडपात मोजून तीसेक माणसं जागी होती. शोकाचा प्रवेश सुरू झाला आणि झोपलेल्या बायका न हलवता उठून बसल्या, जणू कुणी त्यांचं नाव घेतलं. सकाळी सड्यावर जाऊन मी पुन्हा तो आलेख उघडला. देवा, तोच मंडप होता! तीच ये-जा, तीच झोप, आणि पहाटेच्या शोकाला रेघ पुन्हा वर उचललेली. माणसं तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पाहत होती. त्या दिवसापासून मी नऊ मिनिटांवर चिडत नाही. मी गणपती कापला नाही. व्हिडिओखाली वेळा लिहून दिल्या, इथे संकासूर, इथे आख्यान, इथे युद्ध, म्हणजे ज्याला खाज्याच्या दुकानावर जायचं असेल त्याने जावं आणि नेमक्या जागी परत यावं. ते केल्यावर परत येणारे वाढले. नावही मराठीबरोबर इंग्रजी अक्षरांत लिहायला लागले, कारण मुंबईत वाढलेली आमची पोरं तसंच शोधतात.

इथवर मी तुला माझ्या बऱ्या गोष्टी सांगितल्या. आता दुसरी सांगते. हिच्यासाठीच मी गावकरांना न घेता आले.

गेल्या माघात हरिश्चंद्र होता. काशीचं स्मशान, साप चावून गेलेला रोहिदास, तारामती त्याला हातांवर घेऊन आलेली, आणि समोर डोंबाचा चाकर झालेला तिचाच नवरा कर मागतो आहे. बाबांची ही जागा सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली. रोहिदासावर कोसळताना त्यांचा पाय शालूत अडकला आणि डोक्यावरचा केसांचा टोप निसटून मुलाच्या छातीवर पडला. हॅलोजनखाली बाबांचं टक्कल उघडं पडलं. पुढच्या श्वासाला काय झालं ते तू पाहिलंस. बाबांनी टोपाकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताने पदर ओढून डोक्यावरून घेतला, कपाळापर्यंत, विधवा घेते तसा, आणि विलाप जिथे तुटला होता तिथूनच उचलला. मंडपात कुणी हसलं नाही. पुढे बसलेली एक म्हातारी आधीपासून रडत होती, तशीच रडत राहिली. पेटीमास्तरांनी एक स्वर धरून ठेवला होता तो सोडला नाही.

माझ्याकडे तेव्हा 412 सबस्क्रायबर होते. आलेखाने मला शिकवलं होतं की माणसं या जागी थांबतात. मी सड्यावर बसून ती जागा कापली. कोसळण्यापासून टक्कल दिसेपर्यंत, 22 सेकंद. पदर डोक्यावर येण्याच्या आधी मी कात्री लावली, कारण पदर आला की हसू थांबतं हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच कापलं, देवा. वर हसणाऱ्या तोंडाचं चित्र लावलं आणि नाव काय दिलं ते तुझ्यापुढे उच्चारत नाही.

सहा दिवसांत तीन लाख लोकांनी पाहिलं. 900 सबस्क्रायबर वाढले. फोन हातात तापायचा आणि मी तो सोडत नव्हते. हजाराचा टप्पा ओलांडला त्या रात्री मी आईला उठवून दाखवलं. त्या तीन लाखांतला एकही माणूस नाटकाकडे वळला नाही म्हटलं तरी चालेल. शॉर्ट्सच्या ओघात पाहिलेला वेळ त्या चार हजार तासांत धरतही नाहीत. उलट पुढचं नाटक टाकलं तेव्हा यूट्यूबच्या यंत्राने ते आधी याच नव्या लोकांपुढे नेऊन ठेवलं. त्यांना पडलेले टोप हवे होते. त्यांनी अंगठ्याने वर सारलं. नऊ मिनिटांची सरासरी त्या नाटकाला चारवर आली. यंत्राला वाटलं नाटकच वाईट आहे, आणि डोंबिवलीतले, पेडण्यातले, आखातातले जे माझे जुने जागणारे होते त्यांच्यापुढेही ते कमी यायला लागलं. मी बाबांची लाज विकून माझाच मंडप मोकळा केला.

बाबांना कुणी तरी बाजारात दाखवलं. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं नाही. पुढच्या नाटकाला तोंड रंगवायला बसले तेव्हा पाहिलं, टोपाला नेहमीच्या चार पिनांऐवजी सात लावत होते. सातवी टाळूला टोचली, पुसटसं रक्त आलं, ते त्यांनी कुंकवाच्या बोटानेच पुसलं. मी त्याच रात्री तो तुकडा काढून टाकला. पण ज्यांनी उतरवून घेतला होता त्यांच्याकडून तो अजून फिरतो. कुणाकुणाच्या फोनमधून मी काढू? आणि ते 900 जण अजून माझ्या चॅनेलवर आहेत. आकडा 1,300 च्या वर दिसतो. लोक अभिनंदन करतात.

म्हाराजा, पोटात घाल असं म्हणायला आले होते. पण नुसतं पोटात घालू नकोस, माझा हात धर. पुन्हा कात्री हातात येईल तेव्हा ती कुठे थांबवायची हे मला कळतं. कळूनही चालवते, तिथे तू आडवा ये. उद्या आकडे थांबले की पुन्हा मन होईल. संकासुराचा पाय घसरलेला, राजाचा मुकुट वाकडा झालेला, रंगपटात थकून तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस, हे सगळं माझ्या फोनमध्ये आहे. पंधरा माणसांनी माझ्यावर विश्वास टाकून माझ्यासमोर कपडे बदलले आहेत. ती माणसं मला राखू दे.

आणि त्या 900 जणांचं काय मागू? त्यांना घालव असं आधी मनात होतं. आता तसं म्हणवत नाही. हसायला का होईना, तुझ्या मंडपाच्या दारापर्यंत ते आले. जत्रेत आकाशपाळण्यासाठी आलेली पोरंही असतात आणि त्यांतलाच एखादा रात्री दोन वाजता पडद्याजवळ येऊन बसतो. बाबा तसेच आले होते म्हणे, खेळण्यातली शिट्टी घ्यायला. त्या 900 जणांतून तुला जमतील तेवढे बसव. त्यांच्यासाठी मी तोच प्रवेश पुन्हा लावला आहे, या वेळी पूर्ण, पदर डोक्यावर येतो तो आणि पुढचा विलाप सगळा, अकरा मिनिटं. बाबांना विचारून लावला. ते म्हणाले, लाव. त्याला अजून चारशे लोकसुद्धा आलेले नाहीत. पण जे आले त्यांतले बरेच शेवटपर्यंत थांबले आहेत. असे दे, देवा. मला असेच हवेत. पदर डोक्यावर येईपर्यंत थांबणारे.

लालबागच्या चाळीत असे एक गिरणीकामगार आजोबा आहेत. 1982 च्या संपात गिरणी सुटली, गावी परतणं झालं नाही. मोतीबिंदू पिकला आहे. त्यांच्या नातवाने फोन लावून दिला तेव्हा म्हणाले, "माका आता दिसणा नाय, मी आयकतंय." रात्री उशाशी फोन ठेवून ते अख्खं नाटक ऐकतात आणि मध्ये मध्ये हुंकार देतात असं नातू सांगतो. तो हुंकार माझ्यापर्यंत पोचत नाही, आलेखात दिसत नाही. बाबांना तो हवा असतो. समोरून हुंकार आला की त्यांचं वाक्य लांबतं, त्याला फांद्या फुटतात. पाच हजार माणसं फोनवर पाहतील आणि बाबांना समोर रिकामी चटई दिसेल, अशी वेळ आणू नकोस. मालकांची भीती खरी ठरवू नकोस. फोनवर पाहून एखाद्या चाकरमान्याला तिकीट काढावंसं वाटू दे. एकाने यंदा काढलं आहे. आज सकाळी उतरला, मला येऊन भेटला, म्हणाला, बारा वर्षांनी जत्रेला आलो. अशी माणसं वाढव.

काही बारीक मागण्या आहेत, त्याही ऐकून घे. गेल्या वर्षी आकाशपाळण्यावर सिनेमाचं गाणं लागलं होतं. ते माझ्या आवाजात शिरलं आणि नाटकावर गाण्याच्या मालकीचा दावा आला. गाणं पुसायला गेले तर त्याच्याखालची गणपतीची आरतीही गेली. पाळणेवाल्याला आज सांगितलं आहे, त्याच्या ध्यानात राहू दे. 2025 च्या सप्टेंबरात 'दशावतार' नावाचा चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात दशावतारी कलावंत उभा केला. बाबा थिएटरात बसून रडले. त्या चित्रपटाने आमच्या खेळाचं नाव लाखोंच्या तोंडी नेलं, त्याबद्दल त्या सगळ्यांचं कल्याण कर. पण आता कुणी ते नाव शोधलं की चित्रपटाचीच गाणी वर येतात आणि आमची नाटकं खाली कुठे तरी राहतात. तिथपर्यंत बोट खाली नेणारी माणसं पाठव. त्यांना कुतूहल दे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आमची मालवणी कळत नाही, त्यासाठी मी खाली सोप्या मराठीत ओळी लिहायला घेतल्या आहेत. नाटकाच्या एका तासाला चार रात्री जातात. त्या रात्री दुकानातल्या कामावर उठू नयेत एवढी ताकद डोळ्यांना दे.

यूट्यूबवरच्या व्हिडिओंची सुरुवात 2005 साली झाली ती प्राणिसंग्रहालयात उभ्या राहिलेल्या एका मुलाच्या 19 सेकंदांनी. आता जग त्याच मापाकडे परत निघालं आहे असं दिसतं. आम्ही साडेतीन तास मागतो. हे फार मागणं आहे हे मला कळतं. पण माणसांनी तुझ्यापुढे रात्रभर बसणं कधी सोडलं नव्हतं. शोकाला उठून बसणाऱ्या त्या बायकांना कुणी घंटा वाजवून उठवलं नव्हतं. ती माणसं कुठे तरी आहेत. विरारच्या खोलीत आहेत, जहाजावर पहारा करताहेत, हॉस्पिटलात कुणाच्या उशाशी बसली आहेत. त्यांची आणि माझी गाठ घाल. यंत्र कुणाचा चेहरा कुणापुढे नेतं हे मला नीट उमगलेलं नाही. तुझ्या कौलाचं तरी कुठे उमगतं? तांदूळ उजवा पडतो तेव्हा मी नमस्कार करते, डावा पडतो तेव्हा थांबते. तिथेही तसंच करायची मला सवय लागू दे. रोज पहाटे उठून आधी आकडे पाहते ते सोडव. आधी तुझं तोंड, मग चुलीवरचं पाणी, मग आकडे.

तास भरले, पैसे सुरू झाले, तर आधी दहा डॉलर जमल्यावर घरच्या पत्त्यावर पोस्टाने एक नंबर येतो म्हणे. तो लिफाफा मी न फोडता इथे आणेन, मालकांना आणि बाबांना शेजारी उभं करून फोडेन. पैसे हातात पडायला शंभर डॉलर व्हावे लागतात. त्याचे पंधरा वाटे घातले तर पखवाज्याच्या वाट्याला एका दिवसाच्या मजुरीएवढेच येतील हे मी मोजलं आहे. त्याने ते घ्यावेत. 2020 च्या मार्चात ऐन हंगामात जत्रा बंद झाल्या, पेटारा पुढचा हंगामही धड उघडला नाही, तेव्हा त्याने पखवाज गहाण ठेवायला काढला होता. तशी वेळ आली तर आठ दिवसांचे तांदूळ तरी या चॅनेलमधून निघू देत.

बाबांसाठी वेगळं मागत नाही. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. तारामती अजून दोन-तीन हंगाम करतील. ते दोन-तीन हंगाम मला नीट टिपता येऊ देत, आवाज न फाटता, चेहरा न जळता, आणि माझ्याकडून मध्येच कुठे न कापता.

माणसं यायला लागली, म्हाराजा. गुरवकाका समईला तेल घालताहेत आणि माझ्याकडे पाहताहेत, ही एवढा वेळ काय बोलते म्हणून. बॅटऱ्या तुझ्याच बोर्डाला लावल्या आहेत, दोन भरल्या, तिसरी भरते आहे. रात्री मी उजव्या बाजूच्या दुसऱ्या खांबाशी उभी असेन. तिथून बाबांचं तोंड दिसतं आणि मागे तुझं दारही दिसतं. पालखी फिरून आली की गर्दी त्याच खांबाला दाटते. ट्रायपॉडला कुणाचा धक्का लागू देऊ नकोस, पहाटे दहीकाला होईपर्यंत.